इंधन पंप (पिकअप ट्रक)

इंधन पंप हा वाहनाच्या टाकीतील इंधन ठरावीक दाबाने इंजिनापर्यंत पोहोचवणारा घटक होय. पेट्रोलवर चालणाऱ्या आधुनिक पिकअप ट्रकमध्ये हा पंप विजेवर चालतो आणि बहुधा टाकीच्या आतच बसवलेला असतो. तो निकामी झाल्यास इंजिन सुरू होत नाही किंवा चालता चालता बंद पडते. पंप बदलण्याचे काम खर्चिक व कष्टाचे असते. शिवाय विद्युतपुरवठ्यातील अनेक दोषांची लक्षणे पंपाच्या बिघाडासारखीच दिसतात. त्यामुळे पंप बदलण्यापूर्वी अचूक निदान होणे महत्त्वाचे मानले जाते.

रचना व कार्य

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टने चालणारा पडद्याचा यांत्रिक पंप असे. त्याचा दाब साधारणतः ४ ते ७ पीएसआय इतकाच असे. इंधन अंतःक्षेपण (फ्यूएल इंजेक्शन) प्रणाली आल्यानंतर अधिक दाबाची गरज निर्माण झाली व विद्युत पंप रूढ झाला. दाबाची गरज प्रणालीनुसार बदलते. उदाहरणार्थ, शेवरोले सी/के मालिकेतील १९८८ ते १९९५ या काळातील थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांना सुमारे ९ ते १३ पीएसआय दाब पुरतो, तर त्याच मालिकेतील १९९६ नंतरच्या व्होर्टेक व्ही-८ इंजिनांना सुमारे ६० ते ६६ पीएसआय दाब लागतो.

टाकीतील पंप, गाळणी, इंधनपातळी दाखवणारा तरंगक (फ्लोट) आणि विद्युत जोडणी हे सर्व भाग सामान्यतः एकाच संचात असतात. पंपाच्या तोंडाशी जाळीची गाळणी असते. बाहेर जाणाऱ्या मार्गावरील एकदिशा झडप इंजिन बंद केल्यावरही वाहिनीत दाब टिकवून ठेवते, त्यामुळे पुढच्या वेळी इंजिन लगेच सुरू होते.

चावी फिरवताच इंजिन नियंत्रक रिलेमार्फत पंपाला वीज देतो. जनरल मोटर्सच्या अनेक वाहनांत पंप प्रथम सुमारे २ सेकंद चालतो. त्या अवधीत इंजिन फिरत असल्याचा संकेत न मिळाल्यास नियंत्रक पंप बंद करतो. अपघातानंतर इंधन वाहत राहू नये, हा या व्यवस्थेचा एक हेतू आहे.

बिघाडाची कारणे

पंपाची मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि तिच्यातून वाहणारे पेट्रोलच तिला थंड ठेवते. टाकी सतत जवळजवळ रिकामी ठेवून वाहन चालवल्यास मोटर तापते व तिचे आयुष्य घटते. गंज, माती व पाणी यांमुळे जाळी तुंबते आणि पंपावर ताण येतो. मोटरमधील कार्बन ब्रश झिजणे, एकदिशा झडप गळणे, तसेच जोडणीतील पिना तापून वितळणे ही इतर नेहमीची कारणे होत.

लक्षणे

पंप एकाएकी बंद पडू शकतो किंवा हळूहळू क्षीण होत जातो. क्षीण पंपाची लक्षणे भार वाढल्यावर प्रथम जाणवतात. माल भरून चढ चढताना किंवा वेगाने पुढे जाताना इंजिन गचके देते, शक्ती कमी पडते, आणि भार उतरताच वाहन पुन्हा सुरळीत चालते. टाकीच्या बाजूने कर्कश घरघर ऐकू येणे, इंजिन तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणे आणि सकाळी बराच वेळ सेल मारावा लागणे हीदेखील लक्षणे आहेत. यांतील शेवटचे लक्षण गळक्या झडपेमुळेही दिसते. मिश्रणात इंधन कमी पडू लागल्यास नियंत्रकात पी०१७१ व पी०१७४ हे दोषसंकेत, तर काही वाहनांत कमी दाबासाठी पी००८७ हा संकेत नोंदला जातो. मात्र हवेची गळती किंवा सदोष संवेदक यांमुळेही मिश्रणाचे संकेत येऊ शकतात.

निदान

निदानाची सुरुवात साध्या गोष्टींपासून केली जाते. तरंगक अडकल्यास टाकी रिकामी असूनही काटा इंधन दाखवतो. म्हणून थोडे पेट्रोल ओतून पाहणे ही पहिली तपासणी ठरते. त्यानंतर ठिणगी येते की नाही हे पाहून दोष प्रज्वलनात आहे की इंधनात, हे ठरवले जाते.

चावी फिरवल्यावर टाकीतून क्षणभर गुणगुण ऐकू आल्यास पंपाला वीज मिळत आहे, एवढेच सिद्ध होते. पुरेसा दाब तयार होतो की नाही, हे दाबमापकानेच कळते. वर उल्लेखिलेल्या व्होर्टेक इंजिनांत पंपाचा आवाज येत असूनही दाब कमी पडल्याने इंजिन सुरू न होणे ही परिचित तक्रार आहे.

दाबमापक इंधन वाहिनीवरील चाचणी झडपेला जोडतात व वाचन निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहतात. दाब शून्य असल्यास विद्युतपुरवठा तपासावा लागतो. दाब कमी असल्यास तुंबलेली गाळणी, सदोष दाबनियामक आणि झिजलेला पंप यांत भेद करावा लागतो. पंप बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरल्यास एकदिशा झडप, नियामक किंवा इंजेक्टर गळत असतो.

विद्युत तपासणीत फ्यूज, रिले, पंपाच्या जोडणीपर्यंत येणारी वीज आणि भूसंपर्क (अर्थिंग) हा क्रम पाळला जातो. जोडणी सुटी करून व्होल्टमापकावर १२ व्होल्ट दिसले तरी पुरवठा निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. गंजलेल्या तारेतूनही मापकापुरता अत्यल्प प्रवाह वाहू शकतो, पण पंपाचा भार पडताच व्होल्टता कोसळते. म्हणून पंप जोडलेला असतानाच मापन करतात. बॅटरी व पंप यांच्या व्होल्टतेत अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक आढळल्यास तार, रिले किंवा भूसंपर्क यांत दोष असल्याचे समजतात. भाराखाली पूर्ण व्होल्टता व चांगला भूसंपर्क मिळूनही पंप फिरत नसेल, तरच तो निकामी ठरतो.

टाकीवर रबरी हातोडीने हलका ठोका दिल्यावर पंप सुरू झाला, तर ब्रश झिजल्याची शक्यता दाट असते. मात्र हा उपाय तात्पुरता असून अशा वाहनाने लांबचा प्रवास करणे धोक्याचे असते.

पंपाच्या बिघाडाचा भास

पुढील कारणांमुळे निर्दोष पंप बदलला जाण्याची शक्यता असते :

• क्रँकशाफ्ट संवेदकाचा बिघाड : इंजिन फिरत असल्याचा संकेत न मिळाल्याने नियंत्रक पंप बंद करतो.
• जडत्व स्विच : फोर्डच्या अनेक पिकअपमध्ये धक्का बसल्यावर पंपाची वीज तोडणारा स्विच असतो. खड्ड्यातील जोरदार आदळआपटीनेही तो उघडू शकतो. त्यावरील कळ दाबल्यास पुरवठा पूर्ववत होतो.
• नियंत्रक एककाचा गंज : फोर्ड एफ-१५०च्या २००४ ते २००८ या नमुन्यांत पंपाचे विद्युत एकक चासीच्या मागील आडव्या पट्टीवर, सुट्या चाकाच्या वर असते. तेथे ते गंजून निकामी होते.
• चोरीरोधक यंत्रणा : चावीची ओळख न पटल्यास काही वाहनांत इंधनपुरवठा रोखला जातो.

दोन टाक्या असलेल्या जुन्या फोर्ड पिकअपमध्ये, प्रत्येक टाकीत स्वतंत्र पंप असल्यास, निदान सोपे होते. एका टाकीवर इंजिन चालून दुसऱ्या टाकीवर बंद पडल्यास दोष बहुधा त्या टाकीच्या पंपात, तारेत किंवा टाकी निवडणाऱ्या यंत्रणेत असतो.

पंप बदलण्याची पद्धत

प्रथम पंपाचा रिले किंवा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. इंजिन सुरूच होत नसल्यास चाचणी झडपेतून दाब सोडतात. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडवले जाते.

पंपापर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात टाकी खाली उतरवतात. पेट्रोलचे वजन लिटरमागे सुमारे पाऊण किलो असल्याने १०० लिटर इंधनाचेच वजन ७५ किलोच्या आसपास भरते. म्हणून टाकी आधी शक्य तितकी रिकामी करून जॅकचा आधार देतात. दुसऱ्या मार्गात मागच्या हौद्याचे बोल्ट, दिव्यांच्या तारा व इंधन भरण्याची नळी सोडवून हौदा उचलतात किंवा एका बाजूने कलता करून पक्का टेकवतात. टाकी भरलेली असल्यास हा मार्ग सोयीचा ठरतो, पण गंजलेले बोल्ट तुटण्याची शक्यता असते.

टाकी उघडण्यापूर्वी तिच्या माथ्यावरील माती पूर्ण साफ करतात, अन्यथा ती आत पडून नवीन जाळी तुंबवते. लॉक रिंग पितळी दांड्याने हलके ठोकून फिरवतात, कारण पितळेमुळे ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. संच बाहेर काढताना तरंगकाचा दांडा वाकणार नाही याची काळजी घेतात. टाकीच्या तळाशी गंज किंवा पाणी आढळल्यास टाकी स्वच्छ करणे आवश्यक असते, अन्यथा नवीन पंपही लवकर निकामी होतो.

नवीन संच बसवताना रबरी कडी नवीन वापरतात. जुन्या जोडणीवर जळल्याच्या खुणा असल्यास तीही बदलतात. बाहेरची गाळणी असल्यास ती याच वेळी बदलणे इष्ट असते. टाकीत इंधन भरल्याशिवाय नवीन पंप चालवत नाहीत. शेवटी चावी दोन-तीनदा फिरवून वाहिनीत दाब भरतात, गळती तपासतात आणि दाबमापकाने पुन्हा वाचन घेतात.

सुरक्षितता

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ज्वलनशील वाफ देते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व गॅरेजच्या खड्ड्यात साचते. त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत करतात. धूम्रपान, हीटर, वेल्डिंग व उघडा बल्ब यांना मज्जाव असतो आणि अग्निशामक जवळ ठेवतात. काढलेले इंधन झाकणबंद, मान्यताप्राप्त डब्यातच साठवतात. रिकामी टाकी वाफेने भरलेली असल्याने भरलेल्या टाकीपेक्षाही धोकादायक ठरू शकते.

डिझेल पिकअपमधील फरक

महिंद्रा बोलेरो पिकअपसारख्या भारतात प्रचलित असलेल्या अनेक पिकअप डिझेलवर चालतात. कॉमन रेल प्रणालीच्या डिझेल इंजिनात टाकीतून इंधन आणणारी कमी दाबाची यंत्रणा आणि इंजिनावरील उच्चदाब पंप असे दोन भाग असतात. त्यामुळे वर वर्णिलेली पद्धत या वाहनांना जशीच्या तशी लागू होत नाही. येथे गाळणीत साचलेले पाणी व वाहिनीत शिरलेली हवा ही इंजिन सुरू न होण्याची नेहमीची कारणे आहेत. गाळणी बदलल्यानंतर प्रणालीतील हवा काढावी लागते. रेलमधील दाब १,००० बारच्याही वर जात असल्याने इंजिन चालू असताना उच्चदाब वाहिनी सैल करणे जिवावर बेतू शकते. तिच्यातून उडणारी बारीक धार त्वचा भेदून शरीरात शिरते.

हे सुद्धा पहा

• इंधन अंतःक्षेपण
• कार्ब्युरेटर
• डिझेल इंजिन
• पिकअप ट्रक