हिऱ्याची निर्मळता

घरात लग्नकार्य ठरले म्हणजे वडीलधारी मंडळी सराफाच्या पेढीवर जातात. सोन्याचा भाव त्यांना ठाऊक असतो. पण हिऱ्याची अंगठी समोर आली की डोळे दिपतात आणि व्यवहारबुद्धी थबकते. 'खडा अगदी साफ आहे,' असे सांगितले जाते. या 'साफ' शब्दाचा अर्थ उमगला नसेल, तर कित्येक वर्षांची शिल्लक केवळ एका शब्दावर खर्ची पडते.

हिरा म्हणजे पृथ्वीच्या पोटात प्रचंड दाब व उष्णता सोसून घट्ट झालेला कार्बन. तो घडत असता अन्य खनिजांचे कण त्यात अडकतात, बारीक चिरा पडतात, सूक्ष्म ठिपक्यांचे ढगासारखे पुंजके राहतात. हे दोष जितके थोडे व लहान, तितकी निर्मळता अधिक. आपल्या प्राचीन रत्नशास्त्रानेही बिंदू, रेखा, काकपद अशा नावांनी हिऱ्याचे दोष सांगितले आहेत.

आज सर्वत्र मान्य असलेली प्रतवारी अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या संस्थेने १९५३ च्या सुमारास रूढ केली. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून खडा तपासून त्याची प्रत ठरते. अशा एकूण ११ प्रती आहेत. सर्वांत वर 'एफएल', म्हणजे आतबाहेर निर्दोष. त्याखाली 'आयएफ', म्हणजे अंतरंग निर्दोष. पुढे 'व्हीव्हीएस' व 'व्हीएस' या प्रतींतील दोष भिंगातूनही कष्टाने दिसतात. 'एसआय'मधील दोष भिंगाखाली सहज सापडतात. 'आय' प्रतीतील दोष बहुधा नुसत्या डोळ्यांनाही दिसतात.

येथेच खरेदीदाराची गफलत होते. निर्दोष हिऱ्याची किंमत त्याच्या दुर्मिळतेमुळे वाढते, तेजामुळे नव्हे. बोटातील 'व्हीएस' हिरा व निर्दोष हिरा यांतील भेद पाहणाऱ्याला कळत नाही. तेज मुख्यतः पैलू पाडणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. म्हणून हाती मर्यादित रक्कम असेल, तर ती निर्मळतेच्या वरच्या पायऱ्यांपेक्षा उत्तम पैलूंवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

मात्र दोष किती आहे याइतकेच तो कोठे आहे, हेही महत्त्वाचे. मधोमध असलेला काळा कण पैलूंतून परावर्तित होऊन अनेक ठिकाणी दिसतो; कडेचा कण कोंदणात झाकला जातो. परंतु कडेपर्यंत पोचलेली चीर धोक्याची. हिरा सर्वांत कठीण खरा. पण विशिष्ट दिशेने आघात झाल्यास तो दुभंगतो. काही वेळा अशा चिरा काचेसारख्या द्रव्याने बुजविलेल्या असतात. दागिना दुरुस्त करताना सोनाराच्या ज्योतीची आंच लागली की ते द्रव्य बिघडते आणि झाकलेली चीर उघडी पडते.

म्हणून खडा शक्यतो कोंदणात बसविण्यापूर्वी पाहावा. प्रथम पेढीवरील झगमगाटातून बाजूला, साध्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी, मग भिंगातून. स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेत घडविलेला, त्यावर काही प्रक्रिया झाली आहे काय, हे त्यात वाचावे. कडेवर क्रमांक कोरलेला असल्यास तो प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. पावतीवर प्रत लिहून घ्यावी.

प्रामाणिक सराफाला या चौकशीचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या पेढीची पायरी उतरलेली बरी.