फरशी जपायची तर पायाखाली बघा

टेंभुर्णीतून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय साधा आहे, पण पैशाचा आहे. कॉट, कपाट, शिलाई मशीन यांच्या पायांनी घरातली फरशी खराब होते, ती कशी वाचवायची?

आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज काढून दोन खोल्यांना टाइल्स बसवल्या. वर्षाच्या आत कपाटाच्या पायाखालची टाइल तडकली आणि पाण्याच्या स्टँडखाली गंजाचे डाग पडले. हप्ते अजून चालू आहेत आणि तशी टाइल आता दुकानात मिळत नाही. म्हणून बैठकीत आम्ही हा विषय घेतला. त्यात तीन कारणं पुढे आली.

पहिलं कारण, सगळं वजन बोटभर जागेवर येणं. भरलेलं लोखंडी कपाट १०० किलोचं धरा. पाय चार, म्हणजे एका पायावर २५ किलो. पाय पोकळ नळीचा असेल तर नुसती कड टेकते, जेमतेम एक चौरस सेंटीमीटर. त्या पायाखाली १० सेंटीमीटर लांब-रुंद जाड फळीचा तुकडा ठेवला, तर तेच वजन १०० चौरस सेंटीमीटरवर पसरतं. एका सेंटीमीटरवर मग पाव किलोच भार येतो. कपाट डुगडुगत असेल तर वजन दोनच पायांवर येतं, म्हणून आधी पाचर देऊन ते स्थिर करा.

टाइलखाली सिमेंटचा माल नीट भरला नसेल तर ती आतून पोकळ राहते. नाण्याने वाजवून बघा. इतरांपेक्षा पोकळ आवाज आला तर तिच्यावर जड पाय ठेवू नका.

दुसरं कारण वाळू. आपली शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिला हे नाव पडलं. वाळूचा कण या दगडापेक्षा कठीण असतो. खुर्ची ओढली की पायाखाली अडकलेला कण ओरखडा काढतो. म्हणून आधी झाडा, मग उचलून ठेवा. जड कपाट सरकवायचं असेल तर रिकामं करा, एकेक बाजू उचलून जुन्या सोलापुरी चादरीची जाड घडी पायांखाली घाला आणि दोघी-तिघींनी मिळून हळू ओढा. रोज हलणाऱ्या खुर्चीच्या पायांना त्याच चादरीचे तुकडे चिकटवता येतात. ते मळले, त्यात खडे रुतले की बदला.

तिसरं कारण पाणी. लोखंडी पाय ओला राहिला की गंजतो आणि डाग फरशीत मुरतो. तिथे कापड नको, ते ओल धरून ठेवतं. रबरी टोपण घाला, अधूनमधून काढून आत साचलेलं पाणी पुसा. फिक्या टाइलवर काळ्या रबराचा डाग उठू शकतो, तिथे पांढरं टोपण बरं. गंजाचा डाग काढायला शहाबादीवर लिंबू किंवा अॅसिड कधीच ओतू नका. आंबटाने चुनखडी झिजते आणि डागाच्या जागी पांढुरका खड्डा राहतो.

शिलाई मशीन चालताना थरथरतं आणि जागा सोडतं. त्याच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा. आवाजही कमी होतो.

ज्यांच्या घरी शेणाने सारवलेली जमीन आहे, त्यांनी कॉटच्या प्रत्येक पायाखाली फरशीचा तुटका तुकडा ठेवावा. पाय रुतत नाही, आणि लाकडी पायाला जमिनीची ओल लागत नाही. वाळवी चढते का, तेही नजरेला पडतं.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातल्या प्रत्येक जड वस्तूचा पाय वाकून बघा. कुठे टोपण फाटलंय, कुठे नळीची कड उघडी पडलीय, ते मोजा आणि पुढच्या बैठकीला आकडा घेऊन या. सगळ्यांची टोपणं गटाने एकदम आणली तर स्वस्तात पडतील. हप्ता फेडून होईपर्यंत तरी फरशी धड राहायला हवी ना?