पूर्वपक्षातून परधर्माध्ययन : नीळकंठशास्त्री गोरे यांचे उदाहरण

एकोणिसाव्या शतकातील धर्मान्तरांचा विचार मराठीत बहुधा चरित्राच्या किंवा सामाजिक इतिहासाच्या अंगाने झाला आहे. बहिष्कार, कौटुंबिक ताटातूट, मिशनऱ्यांचे प्रयत्न या गोष्टींची नोंद त्यामुळे झाली. परंतु धर्मान्तरिताने नव्या धर्माचे तत्त्वज्ञान कसे आत्मसात केले, हा प्रश्न मागे राहिला. ख्रिस्ती ईश्वरविद्या व मतमंडन या शाखांचे अध्ययन ज्यांनी मुख्यतः स्वतःच्या बळावर केले, त्यांत नीळकंठशास्त्री, पुढे नेहेम्या, गोरे (१८२५-१८९५) यांचे स्थान विशेष आहे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताजवळ पाश्चात्त्य विद्येची शिदोरी नव्हती. होती ती न्याय-वेदान्ताची. याच शिदोरीने त्यांचे अध्ययन कसे घडविले आणि कोठे अडविले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

या अध्ययनाचा आरंभ जिज्ञासेतून नव्हे, तर खंडनाच्या हेतूने झाला. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृत पद्यात लिहिला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपात त्याने धर्माची सत्यता पारखण्याच्या कसोट्या मांडल्या : संस्थापकाच्या ठिकाणी चमत्कारांनी सिद्ध होणारे सामर्थ्य, ग्रंथाचे पावित्र्य आणि धर्माची सार्वत्रिकता. यावर तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांपैकी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे उत्तर १८४४-४५ च्या सुमारास नीळकंठशास्त्र्यांनी रचले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. स. ल. कात्रे यांनी संपादिलेली या ग्रंथाची आवृत्ती १९५१ मध्ये उज्जैन येथून प्रसिद्ध झाली.

शास्त्रीय वादात पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हा दोष मानला जातो. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच परिभाषेत, त्याच्या सर्वांत समर्थ रूपात मांडल्याखेरीज सिद्धान्ताला वजन येत नाही. खंडनासाठी का होईना, ख्रिस्ती मत आतून जाणून घेणे म्हणूनच नीळकंठशास्त्र्यांना भाग पडले. विल्यम स्मिथ या काशीतील मिशनऱ्याशी वाद घालता घालता त्यांच्या हाती बायबल आले आणि त्यांनी ते वाचले. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडण्याची शिस्त माणसाला स्वपक्षापासून किती दूर नेऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. अर्थात, या शिस्तीचा परिणाम धर्मान्तरच असतो असे नाही. ‘मतपरीक्षे’ला उत्तर देणारे हरचंद्र तर्कपंचानन त्याच परंपरेत वाढले होते आणि ते स्वधर्मातच राहिले.

या प्रवासात बदलले काय, हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले असता ध्यानात येते. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त तर्काला स्वतंत्र स्थान नाही, शास्त्रावर श्रद्धा ठेवावी आणि तर्क तिच्या अनुरोधाने चालवावा, अशी भूमिका आहे. म्यूरच्या कसोट्यांवरील मूळ आक्षेप हाच : शास्त्राची परीक्षा मनुष्याच्या बुद्धीने करणे म्हणजे प्रमाणाला प्रमेय बनविणे होय. त्याचबरोबर जन्मतःच दिसणाऱ्या सुखदुःखांच्या विषमतेचा उलगडा पूर्वकर्माशिवाय होत नाही आणि मर्यादित पापाला अनंत शिक्षा देणारा ईश्वर न्यायी म्हणता येत नाही, असे दोन आक्षेपही येतात. १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात मात्र दर्शनांचीच परीक्षा तर्काने केलेली आहे. वेदान्तातील पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक या त्रिविध सत्तेची विभागणी तेथे बारकाईने तपासली जाते. ज्या ब्रह्माला कोणताही विषय नाही, त्याला ‘ज्ञान’ म्हणण्यात शब्दाचा रूढ अर्थ शिल्लक राहतो काय, हा त्यांचा प्रश्न आजही वेदान्ताच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. फिट्झेडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

तथापि, हे परिवर्तन वरवर दिसते तितके पूर्ण नव्हते. अनंत शिक्षेचा जो आक्षेप त्यांनी तरुणपणी प्रतिपक्षावर घेतला, तोच बाप्तिस्म्यानंतर स्वतःला छळणारा प्रश्न बनला. येथे स्वाध्यायाची मर्यादा उघड होते. एकट्याने ग्रंथ वाचणाऱ्याला प्रत्येक शंकेचा निकाल एकट्यानेच लावावा लागतो. गोरे पुढे अँग्लिकन पंथातील चर्चच्या परंपरेला महत्त्व देणाऱ्या शाखेकडे वळले आणि १८७० मध्ये पुरोहितपदावर आरूढ झाले. ज्ञानाचे अंतिम प्रमाण व्यक्तीच्या तर्काबाहेर, परंपरेने राखलेल्या वचनात शोधण्याची त्यांची तरुणपणची वृत्ती येथे नव्या आश्रयाला आली, असे म्हणता येते. वेदाच्या जागी चर्च आले; शब्दप्रमाण कायम राहिले.

याच संदर्भात पंडिता रमाबाईंचे उदाहरण अर्थपूर्ण ठरते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे झाला. त्यांची मनोभूमिका तयार होण्यात गोरे यांच्या लेखनाचा वाटा होता. परंतु ए. बी. शहा यांनी संपादिलेल्या व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात दिसते ते वेगळेच. चर्चने सांगितले म्हणून एखादे तत्त्व स्वीकारण्यास त्या तयार नाहीत; ते स्वतःच्या वाचनाला व सदसद्विवेकबुद्धीला पटले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. पुढे त्या हिब्रू व ग्रीक भाषांकडे वळल्या आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या, ही या आग्रहाचीच परिणती होय. दोघेही संस्कृतज्ञ, दोघेही स्वाध्यायी; पण एकाने शंकेचे उत्तर परंपरेत शोधले, तर दुसरीने मूळ शब्दात.

या तुलनेतून मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासाला एक दिशा मिळते. हे साहित्य म्हणजे परक्या विचाराचा केवळ अनुवाद, असा समज अद्याप पुरता मावळलेला नाही. प्रत्यक्षात त्यातील काही लेखकांनी परका विचार ‘प्रमाण’, ‘पूर्वपक्ष’, ‘सिद्धान्त’ या आपल्या मापांनी मोजून घेतला आणि मोजता मोजता ती मापेही पारखली. त्यांनी स्वीकारलेली मते आज कोणाला मान्य असोत वा नसोत, विरोधी मत आतून समजून घेण्याचा त्यांचा प्रयत्न तुलनात्मक धर्माभ्यासाच्या मराठी परंपरेत नोंदला गेला पाहिजे.