पंचगंगेचे पाणी कुठपर्यंत येणार? नदीचे नकाशे का बदलत आहेत, समजून घ्या

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर गेली की धोका. पावसाळ्यात हा आकडा दिवसातून अनेकदा मोबाईलवर येतो. पण आपल्या गल्लीत पाणी शिरणार का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी जमिनीच्या उंचीचा अचूक नकाशा लागतो. नद्यांचे राष्ट्रीय नकाशे आता त्याच दिशेने बदलत आहेत.

जुन्या नकाशात अडचण काय?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर छोटी नदी म्हणजे एक निळी रेघ. जमिनीचा चढउतार समोच्च रेषांनी दाखवतात. अशा दोन रेषांमध्ये उंचीचा फरक साधारण 20 मीटर असतो.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. म्हणजे धोका पातळीपेक्षा 12 फूट जास्त, सुमारे पावणेचार मीटर. तेवढ्यात शहरातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. 20 मीटरच्या टप्प्यात हा फरक दिसतच नाही.

एका मीटरने काय बिघडते?

साधे गणित आहे. जमीन 500 मीटर अंतरात एक मीटर चढत असेल, तर पाणी एक मीटर वाढले की ते 500 मीटर आत येते. उंची मोजताना तेवढीच चूक झाली, तर अख्खी वस्ती पूररेषेच्या आत किंवा बाहेर जाते.

याचा संबंध थेट घराशी आहे. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदाच्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्ही रेषांच्या मध्ये अटी. प्लॉटची किंमत आणि बांधकाम परवाना या रेषांवर ठरतो.

इतर देशांत काय झाले?

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने 'नॅशनल हायड्रोग्राफी डेटासेट' हा नद्या-तलावांचा राष्ट्रीय नकाशा 1 ऑक्टोबर 2023 रोजी निवृत्त केला. जुनी माहिती डाउनलोड करता येते, पण अद्ययावत होत नाही. त्याजागी 'थ्रीडी हायड्रोग्राफी प्रोग्राम' आला. पूर्वी प्रवाह कागदी नकाशांवरून गिरवले होते. आता विमानातून लेसर किरण सोडून जमिनीची उंची मोजतात आणि पाणी कुठून वाहील ते त्या उंचीवरून काढतात. किचकट काम वेगळेच आहे: प्रत्येक प्रवाहाचा जुना क्रमांक नव्याशी जोडणे. तो दुवा तुटला, तर जुन्या पुरांच्या नोंदी नव्या नकाशावर बसत नाहीत.

भारत कुठे आहे?

डिसेंबर 2022 मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात 2030 पर्यंतचे उद्दिष्ट आहे: सपाट प्रदेशासाठी 25 सेंटिमीटर अचूकतेचे उंचीचे मॉडेल, डोंगराळ भागासाठी 1 ते 3 मीटर. इस्रो आणि नासाचा 'निसार' उपग्रह 30 जुलै 2025 रोजी झेपावला. त्याचे रडार ढगांतूनही पाहते. त्याची एक लहर लांब असल्याने पिकाखालचे पाणी टिपण्यास ती जास्त उपयोगी. ऊसपट्ट्यासाठी हे महत्त्वाचे, कारण उभ्या उसात साचलेले पाणी साध्या उपग्रह छायाचित्रात लपते.

नवा नकाशा आला की काय तपासाल?

तीन गोष्टी. उंची कोणत्या वर्षी मोजली? कारण नंतर टाकलेला भराव आणि रस्ते जुन्या मोजणीत नसतात. मोजलेली उंची जमिनीची आहे, की छपराची आणि उसाच्या शेंड्याची? आणि बंधाऱ्यावरचे फूट समुद्रसपाटीपासूनच्या मीटरशी जोडले आहेत का? राजाराम बंधाऱ्यावरचे 43 फूट म्हणजे तुमच्या उंबऱ्यापासून किती खाली, हे त्या जोडणीशिवाय सांगता येणार नाही. पूररेषेवर हरकत घ्यायची असेल, तर हेच तीन प्रश्न लेखी विचारावेत.