थट्टा आणि कुचेष्टा

मराठी माणसाला थट्टेचे वावडे नाही. लग्नघरी दोन्हीकडच्या बायका गाण्यांतून एकमेकींना चिमटे काढतात, आणि मांडव हसतो. या व्यवहारासाठी आपल्या भाषेने नावेही पुष्कळ दिली आहेत : थट्टा, मस्करी, कोपरखळी, टवाळी, कुचेष्टा. पण ही समानार्थी नव्हेत. कोपरखळी शेजारी बसलेल्यालाच मारता येते. तीत जवळीक गृहीतच असते. कुचेष्टेला मात्र दुरावाच मानवतो. मस्करीची कुस्करी होते ती या दोहोंच्या सीमेवर.

ही सीमा वाङ्मयात स्पष्ट दिसते. १९२५ साली प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि समकालीन कवींच्या लकबींवर महाराष्ट्राला हसविले. विडंबनाची रीत अशी की, मूळ कवितेचे वृत्त, शब्दांचा थाट आणि आवेश तसाच ठेवून गंभीर विषयाच्या जागी एखादा क्षुल्लक विषय बसवावयाचा. मग त्या थाटातील पोकळपणा आपोआप उघडा पडतो. परंतु हे साधण्यास मूळ कविता मुरलेली असावी लागते. ज्याला कवितेची गोडी नाही, त्याच्या हातून चांगले विडंबन उतरत नाही. शिवाय लकब ही कवीने स्वतः पत्करलेली असते; ती त्याला सोडताही येते.

बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणारे चिं. वि. जोशी यांनी निराळी वाट धरली. त्यांचा चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. हसणारा वाचक त्याच्या निमित्ताने स्वतःलाही हसून घेतो, आणि कोणाचेच मन दुखावत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. इंदूरच्या मराठीवर हिंदीची, बेळगावच्या मराठीवर कानडीची, गोव्यातील मराठीवर कोकणीची छाया असते. सुट्टीत पुण्यामुंबईचे आप्त येतात आणि मुलाच्या हेलाची नक्कल करतात. एकदा सारे हसले आणि मूलही हसले, तर ती थट्टाच. पण तीच नक्कल रोज झाली की गोष्ट बदलते. हेल काही मुलाने पत्करलेला नसतो. तो एका दिवसात टाकताही येत नाही. वडीलधाऱ्यांना उलट बोलण्याची मुभाही त्याला नसते. अशी मुले आम्हां शिक्षकांना वर्गात भेटतात. वाचावयास उभे केले की ओठ हलतात, आवाज फुटत नाही. पुढे ती मराठी बोलणेच टाळतात. चार घटकांच्या करमणुकीसाठी घरातली भाषा गमावणे हा सौदा फार महाग आहे.

यावर उपाय साधा आहे. मुलालाही पाहुण्यांच्या बोलण्याची नक्कल करू द्यावी. पाहुणे मनापासून हसले, तर घरात थट्टा चालली आहे असे समजावे. त्यांच्या कपाळाला आठी पडली, तर इतका वेळ काय चालले होते, ते त्यांचे त्यांनाच कळेल.