मण्याचं भोक

पाँडिचेरीजवळच्या अरिकमेडूच्या मातीत रंगीत काचमणी सापडायचे. लाल, निळे, हिरवे. मोहरीएवढे, फार तर ज्वारीएवढे. 1937 साली झुव्हो-दुब्रॉय हे फ्रेंच प्राध्यापक गावातल्या पोरांकडून असले मणी आणि खडे गोळा करत होते. एका खड्यावर त्यांना रोमन सम्राट ऑगस्टसचा चेहरा दिसला. मग मणी कोण बघतो!

1944 साली पुरातत्त्व खात्याचे नवे महासंचालक मॉर्टिमर व्हीलर मद्रास संग्रहालयातलं एक कपाट धुंडाळत होते. हाताला लागली रोमन मद्यकुंभाची मान आणि कान. कुंभ अरिकमेडूचा, हे कळताच त्यांनी पाँडिचेरीची गाडी धरली. तिथल्या ग्रंथालयात, धुळीने माखलेल्या काचेआड, इटलीची तांबडी खापरं होती! 1945 साली उत्खनन झालं. त्या खापरांमुळे दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाला कालगणनेची खुंटी मिळाली. व्हीलरांचं श्रेय मोठंच. पण सगळ्यांचे डोळे रोमकडे लागले आणि मणी ट्रेमध्ये पडून राहिले.

त्या मण्यांकडे वळला पीटर फ्रान्सिस हा अमेरिकन अभ्यासक. त्याचा प्रश्न साधा होता: एवढ्याशा मण्याला भोक पाडलं कसं?

उत्तर तिरुपतीजवळच्या पापनायडुपेट गावी चालत्या भट्टीसमोर मिळालं. पोकळ लोखंडी नळीवर, म्हणजे ‘लाडा’वर, वितळलेल्या काचेचा शंकू चढवायचा, तो भट्टीत धरायचा आणि आकड्याने टोक ओढायचं. बाहेर येते लांबच लांब, बारीक काचनळी, आतून पोकळ. भोक पाडायचंच नसतं, ते ओढतानाच तयार होतं! नळीचे तुकडे करायचे, राखेत घोळवून पुन्हा तापवायचे. कडा गोलावतात, राखेमुळे भोक बुजत नाही. अरिकमेडूच्या मातीत अशाच ओढीव नळ्यांचे तुकडे होते.

फ्रान्सिसने या मण्यांना ‘इंडो-पॅसिफिक’ नाव दिलं. पूर्व आफ्रिकेपासून कोरियापर्यंत ते सापडतात. सारे अरिकमेडूचे नव्हेत. श्रीलंकेत, थायलंडमध्येही भट्ट्या होत्या. पण रोमकडे बघणाऱ्यांना हा पूर्वेचा व्यापार दिसलाच नव्हता.

संग्रहालयात काचमण्यांचा ट्रे दिसला तर भिंग मागून घ्या. आतले बुडबुडे भोकाला समांतर लांबलेले असतील, तर मणी ओढीव नळीचा. भोकाभोवती फिरलेले असतील, तर काच सळईवर गुंडाळून केलेला.