नाक, सायनस आणि श्वासमार्गावरील शस्त्रक्रिया : केव्हा, कशासाठी आणि कोणत्या तयारीने

कान-नाक-घसा विभागाचा खर्च आपल्या ताळेबंदात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला जातो. तो पाहून काही देणगीदार विचारतात की, नाकासारख्या लहानशा अवयवासाठी एवढी यंत्रसामग्री कशाला? प्रश्न रास्त आहे. रुग्णांच्या नातेवाइकांचा प्रश्न मात्र नेमका उलट असतो : साध्या सर्दीसाठी ऑपरेशन खरोखर हवे काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच लेखात द्यावीत, असे विश्वस्त मंडळाने सुचविले. आम्ही स्वतः वैद्यक नव्हे. हिशेबाच्या वहीतून रुग्णालय पाहणारे. तेव्हा येथे जे लिहिले आहे ते विभागातील डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि आमच्या भाषेत मांडलेले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘मला सायनस आहे’ असे म्हणत रुग्ण येतात. सायनस सर्वांनाच असतात. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आणि मेंदूच्या तळाशी, अशा हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आपल्या चेहऱ्यात असतात. त्यांच्या आतील अस्तरातून सतत थोडा पातळ स्राव पाझरतो आणि बारीक छिद्रांवाटे नाकात उतरतो. ही छिद्रे सुजेने बंद झाली की स्राव साठतो, त्यात जंतू वाढतात, आणि डोके जड होणे, गाल दुखणे, घट्ट पिवळा शेंबूड येणे, वास न येणे हा त्रास सुरू होतो. हा आजार म्हणजे सायनसचा दाह. त्याचप्रमाणे ‘नाकाचे हाड वाढले आहे’ हा वाक्प्रचारही तितकासा खरा नाही. बहुधा दोन नाकपुड्यांमधील पडदा वाकडा असतो, किंवा नाकाच्या आतील मांसल घड्या ॲलर्जीने फुगलेल्या असतात. पहिल्या प्रकारात प्रसंगी शस्त्रक्रिया लागते. दुसऱ्यात बहुतेकदा औषधानेच भागते.

आपल्या जिल्ह्यात ॲलर्जीची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. नंदुरबारची मिरची सर्वत्र प्रसिद्ध आहे. हंगामात पथारींवर लाल मिरची वाळत पडते तेव्हा तेथे राबणाऱ्या आयाबहिणींना शिंकांनी व खोकल्याने किती सतावले जाते, हे शहरात राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. पाड्यांवरील घरांत चुलीचा धूर असतो, कापणी-मळणीत भुश्शाची धूळ असते. अशा रुग्णास नाकावाटे मारावयाचा औषधी फवारा, मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे आणि तोंडास फडके बांधून काम करणे यांनीच पुष्कळ आराम पडतो. नाक धुण्यासाठी पाणी मात्र उकळून निववलेलेच घ्यावे. आमचे डॉक्टर अशांना शस्त्रक्रियेविना परत पाठवितात आणि विभागाचे उत्पन्न तेवढे कमी दिसते. हिशेबनीस म्हणून आम्हांस ते खटकत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

शस्त्रक्रियेचा विचार केव्हा होतो? कित्येक आठवडे औषधे नीट घेऊनही दाह हटत नाही, नाकात द्राक्षाच्या घडासारखे कोंब वाढून श्वासच कोंडतो, एका बाजूच्या सायनसमध्ये बुरशी साठते, किंवा पू डोळ्याकडे सरकू लागतो, तेव्हा. पूर्वी वरचा ओठ उचलून हिरडीच्या वरून गालाचे हाड फोडावे लागे. ही पद्धत अमेरिकेतील कॉल्डवेल यांनी १८९३ साली व फ्रान्समधील ल्यूक यांनी १८९७ साली स्वतंत्रपणे मांडली होती आणि जवळजवळ शतकभर ती चालली. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून नाकाचे निरीक्षण करून दाखवून दिले की, दुखणे पोकळीच्या मोठेपणात नसून तिच्या तोंडाशी आहे. तोंड मोकळे केले की आतील अस्तर पुष्कळदा आपोआप सुधारते. त्यांचे सहकारी स्टामबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत जगभर नेली. आज नाकपुडीतूनच चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते, चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो.

हे ऐकण्यास सोपे वाटते. परंतु जेथे हत्यार चालते तेथून डोळा कागदाएवढ्या पातळ हाडापलीकडे असतो आणि मेंदूचे आवरण तसेच निकट असते. म्हणूनच आधी सीटी स्कॅन काढल्यावाचून डॉक्टर हात लावीत नाहीत. त्या स्कॅनचा खर्च टाळता येईल काय, असे नातेवाईक आम्हांस कार्यालयात येऊन विचारतात. टाळता येत नाही. तो या वाटेचा नकाशा आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी : कोंबांची प्रवृत्ती असलेल्या रुग्णात ते काही वर्षांनी पुन्हा येऊ शकतात. शस्त्रक्रियेनंतर फवारा व नाक धुणे चालू ठेवणाऱ्यास हा धोका कमी. ‘ऑपरेशन झाले, आता औषध कशाला’ म्हणणाऱ्यास अधिक.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की आपल्या मातीचा एक इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक पुन्हा घडविण्याचा विधी आहेच. पण पुण्याजवळची हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे विटा करणाऱ्यांच्या जातीतील एका देशी कारागिराने मेणाचा साचा करून, कपाळाची कातडी भुवयांमधील देठ तसाच राखून खाली वळविली व त्याला नवे नाक बसविले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती वाचून कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली तेथे ही शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या कातडीचे हे तंत्र आजही जगभर वापरले जाते.

आता मुलांविषयी. हा भाग आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहीत आहोत, कारण येथे उशीर झाला तर नुकसान आयुष्यभराचे असते. नाकाच्या मागे, टाळूच्या वर, ॲडिनॉइड नावाचा मांसल भाग असतो. लहानपणी तो मोठा असतो व वाढत्या वयात आपोआप आक्रसतो. काही मुलांत तो एवढा वाढतो की मूल तोंडाने श्वास घेते, रात्री घोरते, झोपेत मध्येच श्वास थांबून दचकून उठते. घरच्यांना वाटते, बापही घोरतो, आजाही घोरत होता. परंतु अशा मुलाच्या कानाच्या पडद्यामागील पोकळीत पाणी साठते आणि ऐकू कमी येते. आश्रमशाळेत मागच्या बाकावर बसलेल्या अशा मुलास गुरुजी हाक मारतात, ते उत्तर देत नाही, आणि ‘मंद’ म्हणून त्याची गणना होते. मूल मंद नसते. त्यास ऐकू येत नसते. प्रथम औषध व फवारा, आणि तेवढ्याने भागले नाही तर ॲडिनॉइड काढण्याची लहानशी शस्त्रक्रिया, जरूर पडल्यास कानातील पाणी काढणे, एवढ्यावर त्याचे शिक्षण वाचू शकते. वाकड्या पडद्याची शस्त्रक्रिया मात्र मुलांत शक्यतो करीत नाहीत. चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सतरा-अठराव्या वर्षापर्यंत थांबतात.

आपल्या जिल्ह्यात या शस्त्रक्रियेआधी आणखी एक तपासणी अनिवार्य आहे, ती सिकलसेलची. सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या आदिवासी समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार लक्षणीय आहे. अशा रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू कमी झाला, शरीर थंड पडले किंवा पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. भुलेखाली हे तिन्ही घडू शकते. आजार आधी ठाऊक असेल तर भूलतज्ज्ञ सलाइन, ऊब व प्राणवायू यांची तजवीज करतात, प्रसंगी आधी रक्तही देतात. ही चाचणी बिलात वेगळी दिसते म्हणून कोणी रागावू नये.

श्वासनलिकेत वस्तू अडकणे हा तर मिनिटांचा खेळ. खानदेशात भुईमूग घरोघरी. दाढा न आलेले मूल शेंगदाणा चावू शकत नाही. हसता-रडताना तो नलिकेत ओढला जातो, बहुधा उजव्या फुप्फुसाकडे, कारण ती वाट अधिक रुंद व सरळ असते. चिंचोके, सीताफळाच्या बिया, सुपारीचे खांड, हेही तसेच. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे किलियन यांनी १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा नळीवाटे काढला, तेव्हापासून छाती न उघडता अशी वस्तू काढता येते. मूल जोराने खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर एक वर्षाखालील बाळास हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा द्याव्यात व मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. मोठ्या मुलास पाठीवर पाच थापा आणि मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच दाब. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करावे आणि मूल बेशुद्ध पडल्यास छाती दाबून श्वास देण्यास आरंभ करावा. घशात अंदाजाने बोट घालू नये. वस्तू आणखी आत जाते. ठसका थांबला म्हणजे संकट टळले असेही नव्हे. कित्येक दिवस खोकला व एकाच बाजूचा न्यूमोनिया घेऊन फिरणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात शेंगदाणा कुजत असू शकतो. नाकात घड्याळाचा बटणासारखा सेल गेला असेल तर त्याच दिवशी, नव्हे त्याच तासात यावे. तो काही तासांत मधला पडदा जाळून भोक पाडतो.

दूरच्या पाड्यांवरील लोकांना ‘त्याच तासात या’ म्हणणे सोपे नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावचा रस्ता तुटतो. नर्मदाकाठच्या माणसास आधी होडी, मग पायवाट, मग गाडी. कित्येक जण प्रथम भगताकडे जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण भगत जवळ असतो आणि आम्ही दूर. म्हणूनच वर लिहिलेले प्रथमोपचार आशाताई व आश्रमशाळांचे अधीक्षक यांच्यापर्यंत पोहोचावेत असे आम्हांस वाटते.

नाकाचा घोळणा फुटणे ही उन्हाळ्यातील नित्याची तक्रार. डोके मागे टाकू नये. रक्त घशात उतरते. पुढे वाकून, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून दहा मिनिटे बसावे. कांदा हुंगविण्याने वेळ तेवढा जातो. नाकात अळ्या पडणे हाही प्रकार खेड्यांतून दिसतो. लाजेने लपवू नये. दुर्बिणीने त्या एकेक करून काढता येतात.

आणि २०२१ चा उन्हाळा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या जिल्ह्याने वेळीच उभारलेल्या प्राणवायू प्रकल्पांची देशभर वाखाणणी झाली. पण लाटेमागोमाग काळी बुरशी आली. मधुमेह, स्टेरॉइड आणि खालावलेली प्रतिकारशक्ती यांच्या संगतीने ती नाकातून सायनसमध्ये, तेथून डोळ्यात व मेंदूत शिरे. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना तिची नोंद अनिवार्य करण्यास सांगितले. ॲम्फोटेरिसिन हे औषध देशभर दुर्मीळ झाले. औषधासोबत सडलेला भाग दुर्बिणीतून तातडीने काढणे हाच उपाय होता. नाकासाठी एवढी साधने कशाला, या प्रश्नाचे उत्तर त्या महिन्यांत पुरेसे मिळाले.

आता हिशेबाचे दोन शब्द. देणगीतून दुर्बीण येते. तिच्यावर नाव कोरता येते. परंतु ती नाजूक असते, निर्जंतुक करताना काच निखळते, प्रकाशाची केबल क्षीण होते, दरसाल देखभालीचा करार करावा लागतो. या करारावर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्यास दाते मिळत नाहीत. भूलतज्ज्ञाचे मानधन, लहान मुलांच्या मापाच्या नळ्या, यांचेही तसेच. यंत्रापेक्षा यंत्र चालू ठेवण्यासाठी दिलेली रक्कम आमच्या मते अधिक मोलाची.

निर्धन रुग्णांविषयी : मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागितली जात नाही; कागद नंतर आणले तरी चालतात. इतरांनी येताना शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड आणावे, जुने स्कॅन व औषधांच्या चिठ्ठ्याही आणाव्यात.

ऊसतोडीस गुजरातेत वा अन्यत्र जाणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे नाकातील खपल्या दुर्बिणीने स्वच्छ करण्यासाठी फिरून यावे लागते. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया करून लगेच टोळीबरोबर निघून गेल्यास या भेटी चुकतात आणि मोकळी केलेली छिद्रे पुन्हा चिकटतात. तातडी नसेल तर डॉक्टर अशा रुग्णांना होळीनंतरची तारीख देतात. होळीसाठी गावी परतलात की पहिल्याच आठवड्यात नोंदणी खिडकीवर नाव द्यावे. कोणत्या महिन्यापर्यंत गावी आहात तेही सांगावे, म्हणजे फेरतपासणीच्या तारखा त्याप्रमाणे लावता येतील.